प्रतिपालकत्व (बेळगाव-निपाणी सीमाभाग)
आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाला दत्तक न घेता, ठरावीक काळ घरात सांभाळण्याची व्यवस्था. आधार : बाल न्याय अधिनियम, 2015, कलम 44. हा भाग 1956 पासून कर्नाटकात असल्याने मूल कोणाकडे द्यायचे, हे बेळगाव जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. निपाणीत विड्या वळून घर चालवणारी आई गेली, की मूल सहसा आजी-मावशीच्या ओसरीवर येते. मावशी महाराष्ट्रातल्या कागलची असेल, तर राज्य बदलते आणि कन्नड कागदांना मराठी कागद जोडावे लागतात. घर निवडताना मुलाची बोली आणि शाळा सुटू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी सोपवली जात नाही. प्रतिपालकाला तेच मूल पुढे दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे सांभाळ आवश्यक होता. आता दोन वर्षे पुरतात.