गाडीचे कंपनी फिटिंग स्पीकर बदलताय? आधी दरवाजा समजून घ्या

नवे स्पीकर बसवून घेतले त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्येच गाडीत बसून नुसती गाणी बदलत होतो. आवाज मोठा झाला होता, झांजा खणखणीत ऐकू येत होत्या, पण ढोलकीचा घुमारा गायब! काढून टाकलेले कागदी स्पीकर याहून बरे वाजायचे असं वाटायला लागलं. चाळा म्हणून बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला, म्हणजे उजवा दरवाजा बंद आणि फक्त डावा चालू. आणि बेस परत आला. अर्धे स्पीकर बंद केल्यावर बेस वाढतो, हे काही डोक्यात शिरेना.

त्याचं उत्तर पुढे येतंच. पण त्या दिवसापासून स्पीकर बदलण्याबद्दल कोणी विचारलं की मी ब्रँड सांगण्याआधी फिटिंगबद्दल बोलतो. बऱ्याच गाड्यांमध्ये पैसे स्पीकरवर जातात आणि आवाज बिघडतो तो दरवाजात.

आधी फोन तपासा, खिसा नंतर

स्पीकर खराब आहेत असं ठरवण्याआधी गाणं कुठून येतंय ते बघा. आपण बहुतेक जण फोनवरून वाजवतो. स्पॉटिफायमध्ये सर्वात खालची क्वालिटी साधारण 24 केबीपीएस असते आणि 'व्हेरी हाय' म्हणजे 320. मोबाइल डेटा आणि वाय-फाय यांचं सेटिंग वेगवेगळं असतं. घरी वाय-फायवर चांगलं वाजणारं गाणं रस्त्यावर पिचकं वाटायचं कारण कधी कधी एवढंच असतं. डेटा सेव्हर चालू राहिला असेल तर तोही बंद करा.

दुसरी गोष्ट ब्लूटूथची. साध्या ब्लूटूथवर गाणं दाबून, बारीक करून पाठवलं जातं. वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेमध्ये ब्लूटूथ फक्त ओळख पटवायला असतं, गाणं वाय-फायवरून जातं, त्यामुळे फरक जाणवू शकतो. खात्री करायची असेल तर चांगल्या क्वालिटीची दोन-तीन गाणी पेन ड्राइव्हवर टाकून यूएसबीने वाजवा. इक्वलायझर सपाट करा, 'लाउडनेस' बंद करा आणि फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून स्टिरिओवरून कमी-जास्त करा.

मग फेडर आणि बॅलन्स फिरवून एकेक स्पीकर वेगळा ऐका. जुन्या गाडीत एखादाच स्पीकर फाटलेला असतो आणि त्याची फरफर सगळ्या गाडीला बदनाम करते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी कोन ओलावा धरतो, कडेचा फोम काही वर्षांनी हाताने चुरगळतो. तसं असेल तर बदलाच. सगळे स्पीकर धड असतील आणि यूएसबीवर आवाज चांगला येत असेल, तर तुमचा प्रश्न सेटिंगमध्ये सुटला.

डब्यावरचे वॉट

दुकानात पहिला आकडा दाखवतात तो वॉटचा. स्पीकरच्या डब्यावर ठळक अक्षरात 200, 300 लिहिलेलं असतं. तो 'पीक' आकडा, क्षणभर सहन होणारा. आपल्या कामाचा आकडा आरएमएस, जो सहसा बारीक अक्षरात असतो.

स्टिरिओवर '50 वॉट × 4' किंवा 52 लिहिलेलं असतं, त्याचीही गंमत बघा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. 14.4 चा वर्ग करा आणि 4 ओहमने भागा, उत्तर येतं 51.8. हा तो 52 वॉट! पण हा हिशेब चौकोनी लहरीचा आहे, म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असताना. स्वच्छ लहरीसाठी तो निम्मा होतो, साधारण 26. त्यातून सर्किटमधली घट वजा केली की हातात दर चॅनेलला 18-20 वॉटच्या आसपास उरतात. बाहेर वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर स्टिरिओवर काहीही छापलेलं असो, खरी ताकद एवढीच.

म्हणून या स्टिरिओवर चालवायचे स्पीकर निवडताना वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. 89 आणि 92 मध्ये फरक फक्त तीनचा दिसतो, पण 3 डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद. 92 चा स्पीकर 20 वॉटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला 89 वाल्याला 40 वॉट लागतील, आणि ते तुमच्या स्टिरिओकडे नाहीत. महागडे, जड कोनाचे स्पीकर साध्या स्टिरिओवर कधी कधी कंपनीच्या स्पीकरहून मंद वाजतात ते यामुळेच. 90 च्या वरचं काही मिळालं तर ते घ्या.

ओहमही वाचा. बहुतेक स्पीकर 4 ओहमचे असतात, काही 3 किंवा 2 चे. तुमच्या स्टिरिओच्या माहितीपुस्तकात जेवढं चालतं लिहिलंय त्याखाली जाऊ नका. आणि गाडीला कंपनीकडूनच बोस किंवा हार्मन कार्डन वगैरे ब्रँडेड सिस्टिम असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकमेकांसाठी जुळवलेले असतात, एकच बदलला तर फायद्याऐवजी घोटाळा होतो.

'जेबीएल घेऊ की इन्फिनिटी?' या प्रश्नावर तासन् तास वाद होतात. दोन्ही ब्रँड एकाच हार्मन कंपनीचे आहेत आणि हार्मन 2017 पासून सॅमसंगकडे आहे. तुमचा फोनही कदाचित त्याच घरचा असेल.

कोअॅक्शियल की कंपोनंट?

कोअॅक्शियलमध्ये मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा ट्वीटर बसवलेला असतो. जुन्याच्या जागी नवा, काम संपलं. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असतो, तो वर आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसतो, आणि सोबत क्रॉसओव्हर येतो जो बारीक आवाज ट्वीटरकडे आणि जाडा आवाज मोठ्या स्पीकरकडे पाठवतो. ट्वीटर कानाच्या जवळ आल्याने गाणं गुडघ्यापाशी न वाजता समोर वाजतं.

गाडीत ट्वीटरची जागा आधीपासून असेल तर कंपोनंट घ्या, नसेल तर कोअॅक्शियल पुरे. ट्वीटर बसवायला समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाला भोक पाडतो असं कोणी म्हटलं तर आधी विचारा की या गाडीला कर्टन एअरबॅग आहे का. ती छताच्या कडेने घडी घालून ठेवलेली असते आणि त्या खांबापर्यंत येते. तिच्या वाटेत स्क्रू, वायर किंवा ट्वीटर असता कामा नये.

उलटी वायर

आता माझ्या गायब बेसचं उत्तर. स्पीकरला प्लस आणि मायनस असतं. एका दरवाजात वायर बरोबर आणि दुसऱ्यात उलटी जोडली, तर एक कोन बाहेर येतो त्याच वेळी दुसरा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. बारीक आवाजात हे फारसं कळत नाही. पण 60 हर्ट्झच्या बेसची एक लहर जवळपास पावणेसहा मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेपेक्षा मोठी. दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. एक बाजू बंद केली की खाणारं कोणी उरत नाही आणि बेस परत येतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दुकानातल्या मुलाने कंपनीचा कपलर कापून, वायरी पिळून वर टेप मारला होता आणि उजवीकडे रंगांची गफलत केली होती.

ही तपासणी तुम्ही फिटिंग झाल्या झाल्या, पैसे देण्याआधी करा. बॅलन्स मध्ये ठेवून बेस ऐका, मग एका टोकाला न्या. टोकाला बेस वाढला तर वायर उलटी आहे. कुठली वायर प्लस हे कळत नसेल तर स्पीकर स्टिरिओपासून पूर्ण सोडवा आणि 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलच्या प्लसला लागलेली बाजू ही स्पीकरची प्लस. वायर स्टिरिओला जोडलेली असताना हा प्रयोग करू नका.

दरवाजा हाच स्पीकरचा डबा

घरच्या स्पीकरला लाकडी डबा असतो, गाडीत ते काम दरवाजा करतो, आणि तो पत्र्याचा, भोकं असलेला, पाणी जाणारा डबा आहे. कोन पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो. मागचा आवाज कुठल्याही फटीतून पुढे आला की वर सांगितलेला तोच खेळ होतो, बेस खाल्ला जातो. त्यामुळे स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट राहू नये, हे या सगळ्या कामातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचं काम आहे.

कंपनीचा स्पीकर बहुतेकदा स्वतःच्या प्लास्टिकच्या चौकटीसकट येतो, बाजारातला 6.5 इंची तिथे थेट बसत नाही. मध्ये गाडीच्या मॉडेलप्रमाणे ॲडॅप्टर रिंग लागते. ती प्लास्टिकची घ्या. एमडीएफची स्वस्त पडते, पण दरवाजात पावसाचं पाणी आतून वाहतं आणि एमडीएफ फुगतं. रिंगच्या दोन्ही बाजूंना फोम टेप लावायला सांगा. काही गाड्यांत जुना स्पीकर स्क्रूने नाही तर रिव्हेटने बसवलेला असतो. तो ड्रिलने काढावा लागतो, तेव्हा लोखंडाचा चुरा दरवाजातून काढून घ्या.

नव्या स्पीकरचं चुंबक सहसा मोठं असतं. काच पूर्ण खाली घेऊन मागे किती जागा उरते ते आधी मोजा आणि डब्यावरच्या माउंटिंग डेप्थशी ताडून बघा. डोअर पॅड लावण्याआधी काच दोनदा वर-खाली करून बघा, नंतर कळलं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल.

डोअर पॅडच्या मागे एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. घाईत तो फाडला जातो, कोणाला काही वाटत नाही. काचेच्या रबरातून उतरणारं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो. माझ्या गाडीत तो अर्धा लोंबत होता. पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट भिजलं आणि कुबट वास सप्टेंबरपर्यंत गेला नाही. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव होण्यासाठी दरवाजात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे तर या कागदाशी किंवा पत्र्याच्या भोकांशी खेळणं एअरबॅगशी खेळणं आहे. सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय तिथे भोकं पाडू किंवा बुजवू नका.

पैसे उरले तर डॅम्पिंग करा. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीट बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवून रोलरने दाबायची. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, स्पीकरच्या मागचा भाग आणि मधला मोकळा पत्रा झाला तरी फरक ऐकू येतो. छपराला लावायची डांबरी शीट स्वस्त मिळते, ती नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती वितळते आणि वास मारते. दरवाजाच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती उघडी राहू द्या.

कपलर कापू देऊ नका

गाडी वॉरंटीत असेल तर हे पाठ करा. जवळपास प्रत्येक गाडीसाठी जोडणीचा तयार कपलर मिळतो, एक टोक कंपनीच्या वायरिंगमध्ये आणि दुसरं नव्या स्पीकरला. किंमत स्पीकरच्या तुलनेत किरकोळ. तो लावला तर कुठलीही वायर कापावी लागत नाही, रंगांची गफलत होत नाही आणि उद्या जुने स्पीकर परत बसवता येतात. कापलेल्या वायरीवरचा टेप उन्हाने सुटतो. दरवाजातल्या विजेची पुढे काही तक्रार झाली तर सर्व्हिस सेंटरला नकार द्यायला तो टेप पुरतो. माझं पॉवर विंडोचं बिल माझ्याच खिशातून गेलं. दुकानात 'कपलर मिळत नाही हो या मॉडेलचा' असं ऐकलं तर काम तिथेच थांबवा आणि ऑनलाइन शोधा. जुने स्पीकर आणि स्क्रू पिशवीत घालून घरी आणा.

किती जोड्या, आणि ॲम्प्लिफायर?

फक्त पुढची जोडी बदला. गाडीत बहुतेक वेळ पुढे बसून ऐकतो आपण. मागच्या दोन स्पीकरचे पैसे पुढच्या दरवाजांच्या रिंग, कपलर आणि डॅम्पिंगवर घातले तर जास्त पदरात पडतं.

ॲम्प्लिफायर तेव्हाच घ्या जेव्हा स्वच्छ आवाजाची मर्यादा खरोखर कमी पडतेय. घेतलात तर त्याची वायर थेट बॅटरीवरून येते आणि बॅटरीपासून साधारण 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज असायलाच हवा. पुढे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर तो फ्यूजच आग थांबवतो. पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच लावलंय का, हे स्वतः बोनेट उघडून बघा.

सगळं बसल्यावर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर शोधा आणि सबवूफर असेल तर 80 हर्ट्झवर, नसेल तर 60 च्या आसपास ठेवा. दरवाजातला 6.5 इंची स्पीकर त्याखालचं फारसं वाजवू शकत नाही, नुसता धडपडतो आणि त्या नादात गायकाचा आवाजही फाटतो. मी वायर सुलट केली, रिंगला फोम लावला आणि हा फिल्टर चालू केला. स्पीकर तेच होते. ढोलकी त्याच संध्याकाळी परत आली.