काळी, मुरूम आणि पाया

बीड जिल्ह्यातून बालाघाटाची रांग गेली आहे आणि तिने या मुलखाचे जे दोन भाग पाडले आहेत, त्यांतील भेद पिकांत जितका दिसतो तितकाच घरांच्या पायांतही दिसतो. गेवराई-माजलगावच्या गंगथडीत काळी खोलवर पसरलेली आहे. घाटमाथ्यावर पाटोद्याकडे मात्र कुदळीचे थोडे घाव घातले की मुरूम लागतो. ही काळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून तिला हात शिरेल अशा भेगा पडतात. परिणामी, तिच्यावर उभी केलेली भिंत दरसाल थोडी उचलली जाते, थोडी बसते आणि अखेर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तडकते. पिकाला काळी आणि वस्तीला पांढरी ही जुनी वाटणी महसुली दप्तरांतही रूढ झाली, तिच्यामागे या अनुभवाचाही वाटा असला पाहिजे. आणि ज्यांना काळीतच बांधणे भाग पडे, त्यांचे गवंडी मुरूम लागेपर्यंत पायाचा चर खणीत.

माती भिंतीला खालून हलविते, तशीच ती बाजूनेही रेटते. तिचा हा आडवा भार पेलण्याच्या विद्येचा उत्तम नमुना म्हणजे बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेली खजाना विहीर. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली, आणि तिचा स्थपती म्हणून राजा भास्कर याचे नाव परंपरेने सांगितले जाते. तिच्यातून निघालेल्या भुयारी पाटाने शहरालगतची ‘बलगुजार’ नावाची जमीन भिजत आली. विहिरीच्या कडेची माती सदैव आत ढासळू पाहते आणि पाणी मुरले की तिचा रेटा अधिकच वाढतो. परंतु बांधणी वर्तुळाकार असल्यामुळे तो रेटा जसजसा वाढतो तसतसे तिचे दगड एकमेकांत अधिक आवळले जातात, आणि जी शक्ती भिंत पाडावयास निघाली तीच तिला बळकटी देते.

सरळ भिंतीला ही सोय नाही. तिला स्वतःच्या वजनावरच तग धरावा लागतो. म्हणून मातीचा रेटा सोसणारी भिंत तळाशी रुंद व वर निमुळती ठेवावी, तिच्या पाठीशी काळी न भरता मुरूम भरावा आणि साचलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी भिंतीत छिद्रे राखावीत, हे नियम. कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने या रेट्याचे गणित पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले ते १७७३ मध्ये, म्हणजे खजाना विहिरीनंतर जवळजवळ दोन शतकांनी.

स्वातंत्र्योत्तर काळात याच काळीला वेगळे मोल आले. माजलगावजवळ सिंदफणेवर जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात मातीचे धरण उभे राहिले. अशा धरणांच्या बांधणीचा सामान्य दंडक असा की, जिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही अशी चिकण काळी गाभ्यात दाबून भरावी, तो गाभा खाली कठीण थरापर्यंत चर खणून नेऊन बसवावा आणि दोन्ही अंगांना मुरुमाचे कवच चढवावे. घराच्या पायाखाली जी दगा देते, तीच धरणाच्या पोटात पाणी अडवून धरते.

घरांसाठीही उपाय निघाला. रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंटांची पद्धत विकसित केली. या खुंटाचा कंद त्याच्या व्यासाच्या सुमारे अडीचपट रुंद असतो आणि जिथे ऋतूंची ओल-सुकी पोहोचत नाही अशा साधारण साडेतीन मीटर खोलीवर तो रुतून बसतो. जुन्या गवंड्याचा मुरुमाचा शोध आणि हा खुंट यांचे प्रयोजन एकच : हलणारा थर ओलांडून स्थिर थराचा आश्रय घेणे.

आज शहरांभोवतीची काळी शेते अकृषिक होऊन त्यांवर भराभर घरे उठत आहेत. नवे घर बांधणाऱ्याने नकाशावर आणि रंगावर खर्च करण्यापूर्वी एक खड्डा खणून मुरूम किती खोल आहे तेवढे पाहून घ्यावे. पायात वाचविलेला पैसा पुढे भेगा बुजविण्यात दामदुपटीने जातो.