मोजणीविद्या आणि विद्यालयाची निवड

जमिनीची मोजणी शास्त्रोक्त शिकण्यास कोणत्या विद्यालयांत जावें, हा प्रश्न हिंदुस्थानांत प्रथम मद्रासेस उद्भवला. १७९४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचा ज्योतिषी मायकेल टॉपिंग यानें तेथील वेधशाळेच्या आश्रयानें आठ मुलांची मोजणी-शाळा काढली. विलायतेहून मोजणीदार आणणें खर्चाचें पडे, हें तिचें खरें मूळ. वेधशाळेची जोड मात्र शोभेची नव्हती. गांवाचे अक्षांश-रेखांश ताऱ्यांवरून ठरल्यावांचून साखळीनें मोजलेलें अंतर नकाशावर बसवावयाचें कोठें?

रुडकीची हकीकत अधिक बोधप्रद आहे. गंगेच्या कालव्याचें काम चालू असतां, १८४७ सालीं, लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यानें कामाच्या कुशींतच विद्यालय स्थापिलें. शेंकडों मैल पाणी केवळ उतारानें न्यावयाचें, म्हणजे पातळी घेण्यांतली चूक झांकून राहणें शक्यच नव्हतें. असा गुरु कोणत्या वर्गांत मिळणार? परंतु वर्ग मात्र निरनिराळे होते. एकांत इंजिनियर तयार होत. दुसऱ्यांत देशी तरुणांस देशी भाषेंत मोजणी, पातळी व नकाशा शिकवीत. कोणत्या दारानें आंत शिरलें, यावर जन्माची नोकरी ठरे. पुढें १८७१ सालीं हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठीं खुद्द इंग्लंडांत कूपर्स हिल येथें महाविद्यालय निघालें आणि वरच्या जागांचा राजमार्ग तिकडून जाऊं लागला. ज्या देशांत आयुष्यभर काम करावयाचें, तो न पाहतांच त्याचे इंजिनियर घडवावे, ही योजना विचित्रच म्हणावयाची! १९०६ सालीं तें बंद पडलें.

पुण्याचा वर्ग १८५४ सालीं निघाला तो सरकारी बांधकामावरील दुय्यम नोकर तयार करण्यासाठीं. १८६६ सालीं तो मुंबई विद्यापीठास जोडला गेला आणि त्याची योग्यता पालटली. बंगलोरास १८८१ सालीं मद्रास विद्यापीठाची बी. ए. झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस मद्रासचा मार्ग स्वाभाविक होता. पण म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते आले पुण्यास. घरच्या पैशावर हें घडतेंना. १८८३ सालीं एल. सी. ई. परीक्षेंत ते पहिले आले, आणि लगेच १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून नासिकास रुजू झाले. ओव्हरसियरच्या पायरीवर त्यांस उभें राहावें लागलें नाहीं. लवकरच खानदेशांत पांझरेच्या पात्रांतून नळानें पाणी पलीकडे नेण्याचें काम त्यांच्या हातीं आलें.

पुण्याचें तें विद्यालय २०२२ सालीं स्वतःच विद्यापीठ झालें.