पानिपतची सतरंजी

थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. एखाद्या मैदानावर मंडप पडलेला असतो आणि बाहेर कापडी फलक असतो : 'पानिपत हँडलूम, भव्य प्रदर्शन व विक्री'. आत ब्लँकेटांचे ढीग, चादरी, पायपुसणी, सतरंज्या. बायका कापड चिमटीत धरून भाव करत असतात. परीक्षेत, धंद्यात किंवा निवडणुकीत कुणाचा धुव्वा उडाला की आपण सहज 'पानिपत झाले' म्हणतो, पण या मंडपात तो अर्थ कुणाच्याच मनात नसतो. तिथे पानिपत म्हणजे स्वस्त आणि ऊबदार माल.

मी यंदा तिथून एक सतरंजी आणली. जाड आणि हाताला मऊ, पण रंगांचा काही मेळ नाही. वीतभर मरून, मग चार बोटे राखाडी, मध्येच पोपटी, पुन्हा मरून, आणि एका टोकाला निळा असा अचानक संपलेला की जणू विणणाऱ्याचा विचारच बदलला. विक्रेत्याने काही लपवले नाही. "बचे हुए सूत की है भाई, इसलिए सस्ती है."

विणणाऱ्याचा विचार बदलला नव्हता, निळे सूत संपले होते. उरलेल्या सुताच्या सतरंजीत नक्षी आधी ठरत नाही. कुठल्या रंगाचे किती सूत हाताशी आहे, यावर ती ठरते.

मागावर सूत उरते ते अनेक प्रकारे. ताणा संपत आला की शेवटचा काही हात भाग विणताच येत नाही, तो कापून काढावा लागतो. कांड्यांच्या बुडाशी थोडे थोडे सूत राहते. मागणीपेक्षा जास्त रंगवलेल्या लडी पडून राहतात. परदेशी गिऱ्हाइकाने रंग नापसंत केला तर पोतेच्या पोते पडून राहते. हे सूत एका जाडीचे नसते आणि त्याचा पीळही सारखा नसतो. म्हणून आधी निवड करावी लागते. लोकर वेगळी, सुती वेगळे, ॲक्रिलिक वेगळे. धुतल्यावर तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. एकत्र विणले तर पहिल्याच धुण्यात सतरंजीला पोक येते. बारीक सूत असेल तर चार-सहा पदर एकत्र घेऊन हलका पीळ देतात. पीळ जितका कमी, तितका पदर फुगीर आणि सतरंजी मऊ.

एक गोष्ट मात्र उरलेल्या सुतावर सोपवत नाहीत, ती म्हणजे ताणा. उभ्या धाग्यांवर सगळा ताण येतो, म्हणून तिथे नवे, मजबूत, एकसारखे सुती सूतच लागते. उरलेले सगळे बाण्यात, म्हणजे आडव्यात. पानिपतच्या आसपासच्या गावांत ही सतरंजी 'पंजा दरी' म्हणून ओळखली जाते. (मराठी माणसाला दरी म्हटले की डोंगर आठवतो, मी सतरंजीच म्हणतो.) पंजा म्हणजे लोखंडी दात्यांचे, हाताच्या पंज्यासारखे दिसणारे अवजार. जमिनीलगत दोन दांड्यांमध्ये ताणा ताणायचा, त्यापुढे दोन बायकांनी शेजारी शेजारी बसायचे. धोटा नाही. सुताचा छोटा गुंडा बोटांनीच धाग्यांतून काढायचा आणि पंज्याने ठोकून बसवायचा. बाणा इतका दाट बसतो की ताणा दिसेनासा होतो, आणि सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखीच निघते. आडवा धागा सरळ ओढला तर कडा आत खेचल्या जातात. म्हणून तो कमानीसारखा सैल टाकतात आणि मग ठोकतात. नवख्या हाताची सतरंजी मध्येच बारीक झालेली दिसते ती याचमुळे.

पंजाब-हरियाणाच्या खेड्यांत हे बायकांचे काम होते. मुलीच्या लग्नात तिच्यासोबत देण्यासाठी आई आणि मुलगी मिळून दऱ्या विणत. घरचे कातलेले, घरचे उरलेले सूत वापरत. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते तसेच हे, फक्त तिथे सुई नसून पंजा आहे.

पण पानिपत शहरातला विणकर वेगळा होता. शहरात विणणारे हात प्रामुख्याने मुस्लीम जुलाह्यांचे होते. ते कांबळी विणत. मराठी वाचकाला पानिपतबद्दल पुष्कळ माहिती असते, पण ती सगळी एका दिवसाची, १४ जानेवारी १७६१ ची. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्या दिवसावर आख्खा ग्रंथ लिहिला, कादंबऱ्या आल्या, सिनेमा आला. त्या दिवसातही आपण निवडक तेवढेच लक्षात ठेवतो. अब्दाली आणि नजीबखान तोंडपाठ असतात. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मात्र भाषणाच्या शेवटी, 'हे पण होते बरं का' अशा थाटात येतो. तो आधी निजामाच्या चाकरीत होता. उदगीरच्या लढाईत तो मराठ्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढला आणि पानिपतावर त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. जखमी अवस्थेत पकडला गेल्यावर अब्दालीच्या छावणीत तो मारला गेला. हे अनेकदा लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबतो. मला सांगायचे आहे ते त्या रणांगणाशेजारच्या गावाबद्दल, जे १५ जानेवारीलाही तिथेच होते.

त्या गावात १३२४ साली निवर्तलेल्या बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. बाबराने १५२६ च्या विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद आहे. पराभूत इब्राहिम लोदीची कबरही तिथेच आहे, साधी आणि काहीशी एकाकी. १८३७ साली अल्ताफ हुसेन हाली याच गावात जन्मले. त्यांच्या 'मुसद्दस'ने १८७९ नंतर उत्तरेतल्या शिकलेल्या मुसलमानाला आपल्या अधोगतीकडे बघायला लावले. हालींची कबर कलंदर साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास १९१४ साली पानिपतातच जन्मले आणि पुढे मुंबईचे झाले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाली 'अन्सारी' घराण्यातले होते, आणि उत्तरेतले बहुसंख्य विणकरही स्वतःला 'अन्सारी' म्हणवतात. नाव एक, पण पायरी वेगळी. हालींचे अन्सारी म्हणजे वंशावळ सांगणारे शरीफ घराणे. विणकरांनी 'जुलाहा' या शब्दामागची हेटाळणी नको म्हणून विसाव्या शतकात मोमीन आणि अन्सारी ही नावे स्वतःहून धारण केली. पानिपतच्या इतिहासात सूफी आहेत, शायर आहेत, कारी आहेत. ज्यांच्या कांबळ्यांखाली हे सगळे झोपले त्यांचे एकही नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही. आपण इतरांना 'आमचा इतिहास गाळला' म्हणून दोष देतो, तेव्हा आपल्या घरातल्या गाळणीकडेही पाहिले पाहिजे.

१९४७ ला हे सगळे उलटेपालटे झाले. शहरात मुसलमान बहुसंख्य होते. पश्चिम पंजाबातून होरपळून आलेले हिंदू-शीख निर्वासित गावात उतरत होते, आणि त्यांच्या नजरा साहजिकच उभ्या घरांवर होत्या. महात्मा गांधी नोव्हेंबरमध्ये पानिपतला गेले. मुसलमानांनी जाऊ नये, आलेल्यांनी त्यांना घालवू नये, म्हणून दोन्हीकडच्या लोकांशी बोलले. डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा गेले. तोवर बहुतेकांचे मन ठरले होते. पानिपत रिकामे झाले, मोजकी कुटुंबे मागे राहिली. अब्बास यांचे काही नातलग सीमेपलीकडे गेले, आई मुंबईला मुलाकडे आली.

यातला विणकरांचा भाग मला जास्त बोचतो. मोमीन कॉन्फरन्स ही विणकरांची संघटना, अब्दुल कय्यूम अन्सारी तिचे नेते. या संघटनेने पाकिस्तानच्या मागणीला जाहीर विरोध केला होता. १९४६ च्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता, म्हणजे मागावर बसणाऱ्या बहुतेकांना मतच नव्हते. ज्यांना विचारलेही नाही, त्यांनाही घर सोडावे लागले. 'मुसलमानांनी पाकिस्तान मागितला' हे वाक्य आजही चहाच्या टपरीवर ऐकू येते. त्या वेळी मला पानिपतचे रिकामे माग आठवतात.

त्या मागांवर मग दुसरे लोक बसले. झंग आणि मुलतान भागातून आलेल्या निर्वासितांत खेस आणि दऱ्या विणण्याच्या धंद्यातले अनेक जण होते. त्यांनाही मागे घर, माग, विहीर सोडावी लागली होती. सरकारने निर्वासितांना धंदा उभा करायला मदत केली आणि पानिपत पुन्हा विणू लागले. उलट दिशेने पानिपतचे लोक झंग-मुलतानकडे गेले. पानिपत कुरआनपठणासाठी प्रसिद्ध होते. 'पानिपती' ढब अशी वेगळी ओळखच होती. कारी रहीम बख्श पानिपती यांनी मुलतानच्या खैरुल मदारिसमध्ये वर्षानुवर्षे हे पठण शिकवले. आज पाकिस्तानात त्या शैलीत शिकलेले हाफिज आहेत, ज्यांनी पानिपत पाहिलेले नाही. आणि पानिपतात मुलतानी खेस विणणाऱ्यांची नातवंडे आहेत, ज्यांनी मुलतान पाहिलेले नाही.

उरलेल्या सुताकडे शहर वळले ते नंतर. १८१३ मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरच्या बॅटली गावी बेंजामिन लॉने जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढायची युक्ती काढली. त्याला 'शॉडी' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पुढे 'हलक्या प्रतीचे' असाच झाला. बॅटलीचा हा धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटला आणि पानिपतात वाढला. युरोप-अमेरिकेने टाकलेले स्वेटर, कोट कांडला बंदरातून येतात. ते पुन्हा कपडे म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून आधीच चिरलेले असतात. पानिपतच्या गोदामांत बायका जमिनीवर रोवलेल्या पात्यावर त्यांची बटणे, चेन, लेबले कापून काढतात. मग रंगांनुसार ढीग लागतात. लाल स्वेटरांपासून लाल सूत, काळ्यापासून काळे, म्हणजे रंगवण्याचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचते. 'अनरॅव्हल' (२०१२) नावाच्या छोट्या माहितीपटात या बायका भल्यामोठ्या मापाचे कपडे हातात धरून ते घालणाऱ्या परदेशी बायकांविषयी कल्पना करतात. हसू येते आणि लाजही वाटते.

शॉडीची कांबळी भूकंप-पुरात वाटायला जगभर गेली. ती टोचतात, कारण फाडलेल्या लोकरीचे तंतू आखूड असतात आणि त्यांची टोके बाहेर येतात. गेल्या काही वर्षांत पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी त्यांचा बाजार खाल्ला. सतरंजी आणि पायपुसण्यांसाठी मात्र दुसरे उरलेले सूत आहे, सुती. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतले कात्रण येते, त्याचे एक तर सूत काढतात किंवा सरळ पट्ट्या कापतात. विणीच्या कापडाची पट्टी ओढली की कडांनी आत गुंडाळते, मऊ दोरी तयार होते. माझ्या सतरंजीतला पोपटी भाग असाच आहे. नीट पाहिले तर एका जागी कुठल्या तरी छापील अक्षराचा तुकडा दिसतो.

पर्यावरणाच्या नावाने आता या मालाला शहरातल्या दुकानांत बराच भाव येतो. तो भाव विणणाऱ्यापर्यंत पोहोचतो असे मात्र नाही. पिंजण्याच्या यंत्रांजवळ तंतूंची धूळ उडते आणि ती छातीत जाते. तोंडाला ओढणी किंवा गमछा, एवढेच संरक्षण. विणणारे आणि पिंजणारे बरेचसे बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून येतात. त्यांत मुसलमान पुष्कळ आहेत. १९४७ ला ज्या शहरातून मुस्लीम विणकर गेला, तिथे तो भाड्याच्या खोलीत परत आला. माग मात्र त्याचा नाही.

मंडपातून निघताना मी विक्रेत्याला विचारले, "आप पानिपत के हो?" तो सतरंजीची घडी घालत होता. म्हणाला, "नहीं जी, मालदा के. पानिपत में तो काम है." मग पिशवीवर छापलेला पानिपतचा पत्ता हाताने सरळ करून त्याने पिशवी माझ्याकडे दिली.