उंबरठ्याची रक्कम

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं मनुष्य आपलें घर स्वतः उभें राहून बांधवून घेत असे. शहरांतील आजचा गृहस्थ घर बांधीत नाहीं, तयार घर विकत घेतो. आणि त्याची खरी परीक्षा होते ती पहिली रोख रक्कम भरतांना. पुढचे हप्ते पगारांतून कसेबसे भागवतां येतात. परंतु ही रक्कम आधींच गांठीला असावी लागते. ज्याच्या वडिलांनीं कांहीं मागें ठेवलें आहे तो उंबरठा सहज ओलांडतो. ज्याच्या पाठीशीं कांहींच नाहीं तो वर्षानुवर्षें भाडें भरीत राहतो. ह्या पहिल्या रकमेच्या कामीं सरकारनें हात द्यावा काय, आणि कोणाला द्यावा, ह्याचा मोठा बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला आहे. तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

१९३० पूर्वीं तेथें घर घेणाऱ्यास किंमतीची जवळजवळ निम्मी रक्कम रोख द्यावी लागे. उरलेल्या रकमेवर पेढी कर्ज देई तें बहुधा तीन ते पांच वर्षांचें. तोंवर केवळ व्याज भरावयाचें आणि मुदतीअखेर मुद्दल एकदम फेडावयाचें, नाहीं तर कर्ज नव्यानें करून घ्यावयाचें. भरभराटीच्या दिवसांत हें चाललें. १९२९ सालीं मंदी आली, पेढ्यांनीं कर्जें नवीं करून देण्याचें नाकारलें, आणि १९३३ पर्यंत दर दिवशीं सुमारें एक हजार घरांवर जप्ती येऊं लागली.

त्या वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सरकारनें ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापून सुमारें दहा लक्ष गहाणखतें लांब मुदतीचीं करून दिलीं. १९३४ च्या कायद्यानें ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हें खातें निघालें. हें खातें कोणाच्या हातावर पैसा ठेवीत नसे. तें पेढीला एवढेंच सांगे कीं, घराच्या किंमतीच्या शेंकडा ८० पर्यंत वीस वर्षांच्या मुदतीनें कर्ज द्या. तें बुडालें तर त्याचा विमा आमच्याकडे आहे. आतां हिशेब पाहा. आठ हजार डॉलरांच्या घरास पूर्वीं चार हजार रोख लागत. तेथें आतां सोळाशें पुरूं लागले. केवळ सरकारच्या शब्दावर उंबरठा निम्म्याहून अधिक खालीं आला.

दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं जो कायदा झाला, त्यानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. सैनिकाच्या कर्जाच्या कांहीं भागाची हमी सरकारनेंच घेतल्यामुळें पुष्कळदां पहिली रक्कम मुळींच लागेनाशी झाली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन ही वसाहत १९४७ पासून उभी राहिली. १९४९ सालीं तेथील घर ७,९९० डॉलरांना विकलें जाऊं लागलें, आणि सैनिकाला तें कांहींही रोख न भरतां मिळे. १९५२ पर्यंत ह्या कायद्याखालीं सुमारें २४ लक्ष घरकर्जांना हमी मिळाली. भाडेकऱ्यांचीं मुलें घरमालक झालीं.

परंतु सर्वांचीं नव्हे. सरकारी नकाशांत शहरांचे विभाग रंगवून दाखविले जात, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बहुधा तांबडा रंग, म्हणजे धोक्याचा रंग, मिळे. तेथें कर्जाचा विमा मिळणें दुरापास्त असे. लेव्हिटटाउनच्या करारांतच गौरवर्णीयांवांचून कोणी तेथें राहूं नये असें कलम होतें. १९४७ सालीं मिसिसिपी राज्यांतील १३ शहरांची पाहणी झाली. घर, धंदा व शेती ह्यांसाठीं सैनिकांना हमीनें मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकीं कृष्णवर्णीयांच्या वांट्याला आलीं दोन! एकाच युद्धांत लढलेल्या दोन सैनिकांपैकीं एकाला घराची किल्ली मिळाली आणि दुसऱ्याला भाड्याची पावती.

१९६८ सालीं घरांच्या व्यवहारांतील वर्णभेद कायद्यानें निषिद्ध झाला. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका कायद्यानें गरिबांना अवघ्या दोनशें डॉलरांपासून पहिली रक्कम भरून घर घेतां येऊं लागलें. व्याजाचा मोठा भार सरकारनें उचलला. हेतु उत्तम होता, देखरेख मात्र नव्हती. दलालांनीं मोडकळीस आलेलीं घरें स्वस्तांत घेतलीं, वरवर रंगसफेती केली, किंमत ठरविणाऱ्यांचे हात ओले केले, आणि तीं घरें गरीब कुटुंबांच्या गळ्यांत बांधलीं. छपरें गळूं लागलीं, दुरुस्तीला पैसा नाहीं, हप्ते थकले. डेट्रॉइटसारख्या शहरांत घरें ओस पडलीं. जानेवारी १९७३ मध्यें नवीं मदत देणें थांबविण्यांत आलें.

प्रत्यक्ष रोख मदतीचा मोठा कायदा झाला तो डिसेंबर २००३ मध्यें. प्रथमच घर घेणाऱ्या गरजू कुटुंबाला १०,००० डॉलर किंवा किंमतीच्या शेंकडा सहा, ह्यांपैकीं जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत साहाय्य देण्याची त्यांत तरतूद होती. त्याच सुमारास एक निराळीच युक्ति बोकाळली होती. एखादी धर्मादाय म्हणविणारी संस्था गिऱ्हाइकाला पहिली रक्कम ‘देणगी’ देई, विकणारा ती संस्थेला परत भरी, आणि घराची किंमत तितकी चढवी. २००५ सालीं सरकारी तपासनिसांना आढळलें कीं, अशीं घरें शेंकडा दोन ते तीन महाग विकलीं जातात आणि त्यांवरील कर्जेंही अधिक बुडतात. देणगी घेणाराच ती हप्त्यांतून व्याजासह फेडीत होता! २००८ च्या कायद्यानें ही प्रथा बंद केली.

श्रोतेहो, आम्ही शाळेंत मुलांना चक्रवाढ व्याज शिकवीत असूं, तेव्हां तें पैशाचें गणित आहे असें सांगत असूं. हा इतिहास वाचला म्हणजे वाटतें कीं, तें पिढ्यांचेंही गणित आहे. रोख न भरतां मिळालेल्या घराची किंमत पुढें वाढली. त्या वाढीवर मुलांचीं शिक्षणें झालीं आणि त्या मुलांच्या स्वतःच्या घराची पहिली रक्कमही कित्येकदां तेथूनच निघाली. ज्याला नकार मिळाला त्याच्या नातवापाशींही ती रक्कम नाहीं. म्हणून सरकारनें अशी मदत जाहीर केली म्हणजे आंकडा किती मोठा आहे एवढ्यावर संतुष्ट राहूं नये. पुढचा हप्ता घेणाऱ्याला झेपेल काय, घर राहण्याजोगें आहे काय, ती रक्कम किंमत चढवून विकणाऱ्याच्याच खिशांत जात नाहीं ना, आणि दाराबाहेर कोण उभा ठेवला आहे, हे प्रश्न नागरिकांनीं विचारले पाहिजेत. उंबरठा ओलांडण्यास हात देणें हें पुण्यकर्म खरेंच. पण तो हात सर्वांसाठीं पुढें झाला पाहिजे, आणि आंत पाऊल टाकणाऱ्यावर छप्पर कोसळणार नाहीं हेंही त्यानेंच पाहिलें पाहिजे.