कॉलेजची वर्षे आणि कोल्हापूरचा इतिहास



गेल्या वर्षी आपल्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस एक वाद रंगला होता, आठवतो ना? एकाच्या मुलाला बारावीनंतर थेट वडिलांच्या फौंड्रीत उतरायचं आहे. दुसरीच्या मुलीला बी.टेक.नंतर एम.एस. आणि पुढे पीएच.डी. करायची आहे. कुणी म्हणालं, "तिशीपर्यंत शिकतच बसायचं, तर कमवायचं कधी?" कुणी म्हणालं, "पदवी नसली की जगात कोण विचारतंय?" मी तेव्हा काही लिहिलं नाही, कारण चार ओळींत मावणारं ते नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच दोन्ही बाजूंनी देऊन ठेवलं आहे, असं मला वाटतं. स्मरणिकेच्या निमित्ताने ते मांडते.

पहिली बाजू बाबूराव पेंटरांची. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री कॉलेजात गेले नाहीत. चित्रकला, कोरीवकाम, सुतारी-लोहारी हे सगळं ते घरातच शिकले. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमाचं वेड लागल्यावर त्यांनी यंत्र खोलून त्याची रचना समजून घेतली आणि स्वतः कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्याच देशी कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्यांनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा जगात कुणी त्यांची पदवी विचारली नाही.

उद्यमनगरचं तेच. उसाच्या शेतीला पाणी उपसायला इंजिनं आली, गुऱ्हाळांना चरक आले. ते दुरुस्त करणारे मेस्त्री तयार झाले, आणि दुरुस्त करता करता नवीन बनवायला लागले. तिथूनच फौंड्र्या वाढल्या आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत पसरल्या. आपल्या वर्गातले चार-पाच जण दहावीनंतर तिथेच लेथवर उभे राहिले. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात मशीन ड्रॉइंगच्या पुस्तकात 'टॉलरन्स' शोधत होते, तेव्हा ते रोज तो हाताने गाठत होते.

इथेच थांबलं तर उत्तर सोपं आहे. शिकण्यात वर्षं घालवू नका, कामाला लागा. पण बाबूरावांच्या गोष्टीत एक बाब आपण सहज विसरतो. त्यांच्या घरात कारखाना होता. वडील कारागीर होते, हत्यारं हाताशी होती, चूक केली तर सांगणारं माणूस शेजारी होतं. म्हणजे शाळा त्यांनी चुकवली नव्हती, शाळा त्यांच्या घरातच होती. ज्याच्या घरात ती नाही, त्याने काय करायचं?

दुसरी बाजू या प्रश्नापासून सुरू होते, आणि ती राजर्षी शाहू महाराजांची आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं. मग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, अशी वसतिगृहांची रांगच लागली. १९०२ साली महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसं हवीत, आणि शिकायला येणाऱ्याला राहायला छप्पर हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. या मुलांच्या बापाकडे लेथ नव्हता, वशिला नव्हता आणि दारात उभं करणारं कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी कॉलेजची वर्षं हा एकच रस्ता होता.

मुलींचं तर विचारूच नका. कृष्णाबाई केळवकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, काम करू लागल्या. पुढच्या शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना परदेशी पाठवलं. त्या काळी कुठल्या मेस्त्रीने एखाद्या मुलीला उमेदवारीवर घेतलं असतं? त्यांना ते दार पदवीनेच उघडलं.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१२ साली बी.ए. झाल्यावर ते थांबू शकले असते. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, मग लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली अर्ध्यावर परतावं लागलं. बडोद्याला नोकरीवर गेले, तर एवढ्या शिक्षणावरही गावात राहायला खोली मिळेना. इथे पदवी हरली, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये आपल्या जवळच्या माणगावला परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी 'हा तुमचा पुढारी' म्हणून समाजाला त्यांची ओळख करून दिली. त्याच वर्षी महाराजांची मदत, मित्राकडचं कर्ज आणि स्वतःची शिल्लक घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले, तेव्हा वय होतं ३२. इकडे मुंबईत रमाबाईंनी ओढगस्तीत घर चालवलं. त्या वर्षांची किंमत त्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. पण त्या प्रबंधातून आलेलं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक आणि पुढे चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढची त्यांची साक्ष पाहिली की ती वर्षं कुठे गेली ते कळतं.

मात्र बाबासाहेबांची शिक्षणाची वर्षंही सलग नव्हती. मध्ये नोकरी होती, शिकवणं होतं, 'मूकनायक' होता. शिक्षण आधी आणि काम नंतर, अशी सरळ रेघ इतिहासात फारशी सापडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले, मॅट्रिकही झाले नाहीत. त्यांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. त्याच माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका'चा रस्ता दाखवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, तरी १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पण मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी अमेरिकेत एमआयटीला शिकायला पाठवलं. पदवीशिवाय कारखाना उभारणाऱ्याला पदवीची किंमत कळत होती. आणि प्रभातचा पुण्यातला जो स्टुडिओ कॉलेज न पाहिलेल्या माणसांनी गाजवला, तिथेच १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. एका पिढीने हाताने कमावलेलं पुढच्या पिढीला वर्गात शिकवावं लागतं.

आता माझ्या धंद्याचं. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं झाली. कॉलेजात शिकलेली भाषा आणि साधनं पहिल्या पाच वर्षांतच जुनी झाली. टिकलं ते गणित, आणि न समजलेल्या गोष्टीसमोर न घाबरता बसायची सवय. ती सवय कॉलेजातच लागते असं नाही, पण मला तिथे लागली. एका कंपनीत माझ्या टीममधला सगळ्यात हुशार मुलगा डिप्लोमावाला होता. परदेशी कामाची संधी आली, तेव्हा पदवी नाही म्हणून त्याचं नाव यादीतून काढलं गेलं. त्याच्याकडून शिकलेले आम्ही तिघं विमानात बसलो. पदवीशिवाय ज्ञान येतं याचा पुरावा तोच, आणि पदवीशिवाय दार बंद राहतं याचाही तोच.

तेव्हा फौंड्रीवाल्या मित्रा, तुझ्या मुलाला खुशाल कामाला लाव. त्याची शाळा तुझ्या शेडमध्ये आहे. फक्त सोबत पार्टटाइम डिप्लोमा करू दे. धातू तू शिकवशील, पण उद्याच्या गिऱ्हाइकाची कागदपत्रं आणि नवीन मशीनचं प्रोग्रॅमिंग त्याला लागेलच. आणि मैत्रिणी, तुझ्या मुलीला एवढंच विचार, की पीएच.डी. तिला एखाद्या प्रश्नासाठी करायची आहे, की पुढचा निर्णय लांबवण्यासाठी? प्रश्न असेल तर तिशी काय, बत्तिशीही उशिराची नाही. नुसता निर्णय लांबवायचा असेल, तर दोन वर्षं नोकरी करून मग जाऊ दे. विद्यापीठ कुठे पळून जात नाही.

आणखी एक सुचवते. आपल्या बॅचमध्ये आज लेथ आहेत, फौंड्र्या आहेत, दवाखाने आहेत, वकिली आहे, शिक्षक आहेत, माझ्यासारखे कॉम्प्युटरवालेही आहेत. दर मे महिन्यात आपल्या शाळेतल्या दहा-बारा मुलामुलींना आपापल्या कामाच्या जागी महिनाभर घेऊया, आणि ज्यांना पुढे शिकायचं आहे पण घरून जमत नाही अशा दोघा-तिघांची फी मिळून भरूया. बाबूरावांच्या घरात हत्यारं होती आणि शाहू महाराजांनी बोर्डिंगं दिली. आपल्याला दोन्हींतलं थोडं थोडं जमण्यासारखं आहे. यादी करायला मी तयार आहे, स्नेहमेळाव्याच्या दिवशी नावं द्या.