जांभळ्या बुरशीची कुळकथा

कृषी सेवा केंद्रात ‘पॅसिलोमायसिस’ मागितलं की भुकटीची पुडी मिळते. आपल्याकडे ती डाळिंबाच्या बागेत शेणखतात मिसळून घालतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर तो उतारा आहे. या पुडीचं कूळ शोधत गेलं, तर वाट पेरू देशातल्या बटाट्याच्या मुळाशी जाते.

बुरशी तशी जुनी. 1910 मध्ये अमेरिकेत चीजवरच्या बुरशींचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स थॉम यांनी तिची नोंद केली. लायलॅक फुलासारख्या फिकट जांभळ्या रंगावरून नाव दिलं पेनिसिलियम लिलॅसिनम. 1974 मध्ये सॅमसन यांनी तिला पॅसिलोमायसिस कुळात नेलं. पण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींशी असलेलं तिचं वैर तोवर उजेडात आलं नव्हतं.

अँडीज पर्वत हे बटाट्याचं माहेर. 1971 मध्ये पेरूतल्या लिमा इथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं. तिथले सूत्रकृमितज्ज्ञ जताला आणि त्यांचे सहकारी रोगट मुळं तपासत होते. गाठीवरची मादी चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. त्यांना काही पुंजक्यांतली अंडी बुरशीने पोखरलेली दिसली. बुरशी होती हीच जांभळी. तिचे तंतू अंड्याला चिकटतात, पाचक रसांनी कवच विरघळवतात आणि आतला जीव खाऊन टाकतात. 1979 मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं.

या शोधाचं मोल बटाटेवाल्यालाच कळेल. बटाट्याच्या दुसऱ्या वैऱ्याची, पुटी सूत्रकृमीची, मादी मरते तेव्हा तिचं शरीरच टणक डबी बनतं. आतली अंडी वीस-वीस वर्षं मातीत तग धरतात. अशा शत्रूशी लढायला मातीतच राहणारा सोबती हवा.

पुढे फिलिपिन्समध्ये रोम्युलो डाविडे यांनी तिथल्या मातीतल्या याच बुरशीपासून शेतकऱ्यांसाठी औषध तयार केलं. 2011 मध्ये जनुकीय तपासणीनंतर शास्त्रज्ञांनी तिचं कूळ पुन्हा बदललं. आता ती पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम. आपल्याकडे तोंडी मात्र जुनंच नाव आहे.

नाव कुठलंही घ्या, पुडीतले बीजाणू जिवंत असतात. म्हणून घेताना मुदतीची तारीख पाहावी, पुडी घरी सावलीत ठेवावी. आणि शेणखताला विसरू नये. अंडी मिळेपर्यंत बुरशीला मातीत पोटाला तेच लागतं.